जस्तातलं विरजण

आमच्या कारखान्यात समुद्र कुलपात असे. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात तीन जेरीकॅन, त्यांत मुंबईहून रेल्वेने आलेलं खारं पाणी, आणि दाराला हे भलं मोठं पितळी कुलूप. सोलापूरला नळाचं पाणी तेव्हाही लहर येईल तसं यायचं, पण गोड्या पाण्याच्या पिंपाला कोणी कुलूप लावलेलं नव्हतं. खाऱ्या पाण्याला लावावं लागलं, कारण पहिल्याच दिवशी अर्धा कॅन संपला. कारखान्यातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. प्रत्येकाने बोट बुडवून चाखून बघितलं, आणि दोघांनी घरच्यांना दाखवायला बाटल्या भरून नेल्या.

मी तिथला चीफ केमिस्ट. माझ्या हाताखाली कोणी नव्हतं, त्यामुळे चीफ नक्की कोणाचा, हे मला निवृत्त होईपर्यंत कळलं नाही. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक तराजू आणि काचेच्या बाटल्या. बाटल्यांवरून कामगार मला बाटलीसाहेब म्हणत. घरी कोणी निरोप घेऊन आला की सौभाग्यवतींना शेजाऱ्यांकडे दोनदा खुलासा करावा लागे.

आमचं काम ओतीव लोखंडाचं. भट्टीत लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं, निवलं की साचा फोडून माल काढायचा. मागांची चाकं, इंजिनपंपांची घरं म्हणजे बाहेरची कवचं, चरकाचे रोलर असा सगळा जमिनीवरचा माल. सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध होता. मुंबईजवळ समुद्रात तेल लागलंय हे आम्ही पेपरात वाचलं होतं आणि पान उलटलं होतं. त्या तेलाचं आमच्याकडे काही काम निघेल असं मालकांनाही वाटलं नव्हतं, आणि मालकांना पुष्कळ काही वाटत असे.

मालकांना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी कुठल्याशा प्रदर्शनात प्रधान नावाच्या एका इंजिनिअरला गाठलं आणि आमच्याकडे जस्ताचं ओतकाम उत्तम होतं असं ठोकून दिलं. आम्ही तोवर जस्त फक्त बादलीवर पाहिलं होतं.

प्रधान साहेब आले ते अंगावर साधा बुशशर्ट घालून, म्हणून मला आवडले. भट्टीजवळच्या फरशीवर त्यांनी खडूने चित्र काढलं. चार पायांचा पोलादी मनोरा, गावातल्या गिरणीच्या धुराड्याहून उंच. हा मनोरा किनाऱ्यावर आडवा निजवून बांधायचा, तराफ्यावर चढवून समुद्रात न्यायचा, तिथे पाण्यात सोडून उभा करायचा, मग त्याच्या पोकळ पायांतून लांबलचक खांब तळात ठोकायचे. वर मजला, मजल्यावर माणसं आणि यंत्रं. खालून पाइपातून तेल आणि वायू वर. परदेशात हे बरीच वर्षं चाललं होतं. आपल्याकडे नुकतं सुरू झालं होतं.

करकंबचे माने म्हणून एक बागाईतदार पंपाचं घर न्यायला आले होते. ते आपलं काम विसरून चित्राजवळ उकिडवे बसले.

"म्हंजे पाण्यात हीर पाडायची म्हणा की."

"तसंच काहीसं," प्रधान म्हणाले.

"मग हिरीतलं पाणी उपसून टाकता कुटं?"

प्रधान हसले नाहीत. पाण्यातून पाइप खाली जातो, आजूबाजूचं पाणी बाहेरच राहतं, हे त्यांनी नीट समजावलं. मान्यांनी चित्राकडे पुष्कळ वेळ बघितलं.

"आमी रानात साठ फूट गेलो, पानी न्हाय. तुमी पान्यातच जाऊन तेल काडताय. नशीब आसतंय की एकेकाचं."

आता जस्ताचं. लोखंड समुद्रात गंजतं. पाण्याखालचे पाय दर दिवाळीला रंगवता येत नाहीत. मग करायचं असं की पायांना जागोजाग जस्ताचे ओंडके जोडून द्यायचे. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना जोडलेले असले की त्यांतला एक झिजतो आणि दुसरा वाचतो. जस्त आणि लोखंड यांच्यात झिजायची पाळी जस्ताची. समुद्र जस्त खात बसतो, तोवर पायाला हात लावत नाही. ओंडका संपत आला की दुसरा बसवायचा. इंजिनिअर लोक याला बळीचा अ‍ॅनोड म्हणतात. आमचा लॉरीवाला रज्जाक तिथेच उभा होता. "मतलब कुर्बानी का बकरा," तो म्हणाला. त्या दिवसापासून कारखान्यात अ‍ॅनोड हा शब्द कोणी वापरला नाही. सगळे बोकड म्हणत. पुढे अण्णांच्या टायपिस्टने एका पत्रातही तेच टाइप केलं.

हे फारसं न आवडलेला माणूस एकच, नागप्पा मिस्त्री. भट्टी त्याच्या ताब्यात होती. अक्कलकोटकडचा, घरात कानडी, तोंडात मराठी, आणि धातूचा रंग बघून तो ओतायला झाला की नाही हे सांगणारा. माझं उष्णतामापक यंत्र आणि नागप्पाचा डोळा यांत फरक पडला तर आम्ही यंत्र दुरुस्तीला पाठवत असू.

"बाटलीसायेब," तो मला म्हणाला, "चाळीस वर्सं झाली, टिकंल आसा माल देतोय. आता गिऱ्हाइकाला सांगायचं काय? माल लवकर जातोय, घिऊन जावा?"

"फार लवकर नाही. हळूहळू, एकसारखा जायला हवा."

"जायला हवा!" तो बाजूच्या माणसाकडे वळला. "ऐकलंस? आन् ह्ये शिकल्यालं हायती."

नागप्पाची एक पद्धत होती. कारखान्याची पहिली भट्टी त्याच्या उस्तादाने ओतली होती. त्या मालाचा एक तुकडा उस्तादाने डब्यात जपला आणि पुढच्या भट्टीत टाकला; त्या भट्टीतला तुकडा परत डब्यात. असं गाडं चालत आलं होतं. नागप्पा त्याला विरजण म्हणे. दर भट्टीला सुपारीएवढा तुकडा आत, ओतून झालं की एक-दोन तुकडे बाहेर. मी वर्षानुवर्षं बघत होतो. टनभर लोखंडात सुपारीएवढं लोखंड पडल्याने रसायनशास्त्राचं काही बिघडत नव्हतं, म्हणून मीही कधी बोललो नाही. आपल्या शास्त्राला न दुखवणारी श्रद्धा आपण फार मोठ्या मनाने चालवून घेतो.

जस्ताचं काम सुरू झालं. नवीन मूस आणली, म्हणजे धातू वितळवायचं भांडं, तेही लोखंडाचं चालत नाही म्हणून ग्रॅफाइटचं. कारण वितळलेल्या जस्तात लोखंड विरघळतं, चहात साखर विरघळावी तसं, फक्त फार सावकाश. आणि जस्तात लोखंड उतरलं, अगदी नावापुरतं उतरलं, तरी बोकड बिघडतो. त्याच्या अंगावर घट्ट पापुद्रा धरतो आणि तो झिजायचा थांबतो. तो थांबला की समुद्र पायाकडे वळतो. आमच्या धंद्यात माल टिकला म्हणून खोटा ठरण्याची ही पहिली वेळ.

हे मी सगळ्यांना सांगितलं होतं. मूस कसली हवी, पळी कसली हवी, सगळं. विरजणाबद्दल बोललो नाही, कारण मला ते आठवलंच नाही. रोज दिसणाऱ्या गोष्टीकडे माझं लक्ष नव्हतं.

सकाळी आठला जस्त वितळलं की मी नमुना घेऊन खोलीत जाई. तपासणी सोपी. नमुना आम्लात विरघळवायचा, एक औषध घालायचं. लोखंड असेल तर पाणी लाल होतं, जितकं जास्त तितकं गडद. माझं पाणी रोज जवळजवळ बिनरंगी येई. मी सही करी. साचे वाळून ओतायला तयार व्हायला मात्र अकरा वाजत. मधले तीन तास मूस तापत राही, आणि त्या तीन तासांत काय होतं हे मी पाहिलं नाही.

प्रधान साहेबांची एक अट होती. मालातला एक तुकडा पोलादी पत्र्याला तारेने जोडून समुद्राच्या पाण्यात चौदा दिवस ठेवायचा. तारेत मीटर. मीटरचा काटा वर आहे तोवर जस्त आपलं काम करतंय. शेजारच्या टपात त्यांनी स्वतः आणलेला, खात्रीचा जस्ताचा तुकडा, तुलनेसाठी. समुद्र आला होता तो यासाठी.

अण्णांना चौदा दिवस थांबवेना. मुहूर्त बाराव्या दिवशीचा निघाला. मांडव घातला. कापडी फलकावर "सोलापूर ते सागर" असं रंगवलं. जिल्ह्यातले एक वजनदार पुढारी झेंडा दाखवणार होते. पत्रिकेत त्यांच्या नावाआधी तीन विशेषणं होती आणि अ‍ॅनोड या शब्दाआधी एकही नव्हतं.

नवव्या दिवशी आमच्या टपाचा काटा हलला. दहाव्या दिवशी निम्म्यावर आला. अकराव्या दिवशी सकाळी मी खोली उघडली तर आमच्या पत्र्यावर तांबूस ठिपके उठले होते. शेजारच्या टपातला पत्रा आरशासारखा होता.

मी तयार बोकडातून खरवडून नमुना घेतला आणि औषध घातलं. पाणी लाल झालं. मागे कोणीतरी उभं होतं, नागप्पा. उद्याच्या समारंभासाठी आजच दाढी करून आला होता.

"लाल म्हंजे?"

"लोखंड."

"कुटनं आलं?"

मी त्याच्याकडे बघितलं आणि मला तो डबा आठवला. "नागप्पा, जस्तात विरजण टाकलंस का?"

"टाकलं की. रोज." त्याला प्रश्नच कळला नाही. "आन् सायेब, तळाला तुकडा निम्माच ऱ्हायाचा. मी म्हनलं, जस्तानं मानून घेटलं."

मी सह्यांचे कागद काढले. तोवर पस्तीस बोकड लॉरीत चढले होते. प्रत्येकाच्या कागदावर माझी सही. हे समुद्रात गेले की पाय पाण्याखाली मुकाट्याने गंजणार, वर माणसं राहणार, आणि कोणाला काही दिसायला कितीक वर्षं लागणार.

अण्णा मांडवात खुर्च्या मोजत होते. मी त्यांना बाजूला घेतलं.

"माल जाऊ देता येणार नाही."

"उद्या साहेब येतायत."

"काटा निम्म्याच्या खाली आलाय, अण्णा."

"चौदा दिवसांनी वर येईल."

"येणार नाही. आणखी खाली जाईल."

अण्णांनी एक खुर्ची ओढून रांगेत लावली. मग हळूच म्हणाले, "समुद्राच्या तळाला जाऊन कोण बघतंय?"

हा प्रश्न मला आदल्या दोन रात्री पडला होता, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. "सही कुणाची आहे?" त्यांनी विचारलं.

"माझीच. म्हणून सांगतोय. सही काढून घेतो. तुम्ही दुसऱ्या कुणाची घ्या."

दुसरा कोणी नव्हताच. चीफ असण्याचा मला झालेला हा एकमेव फायदा. अण्णांनी कपाळ पुसलं आणि शेवटी म्हणाले, "माल थांबवतो. समारंभ थांबवत नाही."

तसंच झालं. बँड वाजला. पुढाऱ्यांनी भाषणात रत्नाकर हा शब्द पाच वेळा वापरला आणि जस्ताला पाच वेळा पोलाद म्हटलं. बोकडांना हार घातले, कुंकू लावलं. सगळ्या कार्यक्रमात तेवढं तरी नावाला शोभणारं झालं. नारळ फुटला. रज्जाकने हॉर्न देत लॉरी फाटकाबाहेर काढली. त्याच्या शेजारी मी होतो, कारण आतली गोष्ट माहीत असलेला माणूस सोबत हवा होता.

"डावीकडे घे," मी म्हटलं.

"साब, ये कुंभारी का रास्ता है. बंबई उधर है."

"माहीत आहे."

"समुंदर इधर भी निकला क्या?"

कुंभारीच्या अलीकडे बाभळीखाली आम्ही तासभर उभे राहिलो. रज्जाकने एका बोकडाच्या गळ्यातला हार काढून आरशाला बांधला. पाहुणे जेवून गेल्यावर मागच्या फाटकाने परत आलो. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आमची लॉरी मुंबईच्या मार्गावर होती.

प्रधान साहेब तारेने कळवताच आले. टप बघितले, लाल पाणी बघितलं. "लोखंड कुठून आलं?"

"नमुना मी सकाळी घेत होतो. ओतायच्या आधी घ्यायला हवा होता," मी म्हणालो. हे खरं होतं. अर्धंच खरं होतं.

"ते तुम्हाला का कळलं नाही, हे झालं. आलं कुठून?"

नागप्पा पुढे झाला आणि त्याने डबा उघडून त्यांच्यासमोर धरला. "हितनं."

त्याने सगळं सांगितलं. उस्ताद, पहिली भट्टी, सगळं. प्रधान ऐकत होते. नागप्पा शेवटी म्हणाला, "पन एक सांगा सायेब. बोकडाच्या पोटातनं लोखंडाची सळई तुमीच घालाय लावता, पायाला जोडाय. ती चालती. माजा खडा का न्हाय चालत?"

प्रश्न अस्सल होता. प्रधान खाली बसले आणि उत्तर दिलं. सळईभोवती जस्त ओतलं की ते काही मिनिटांत गोठतं, लोखंडाला विरघळायला वेळच मिळत नाही. खडा मात्र तीन तास वितळलेल्या जस्तात पडून असतो. नागप्पाने दोनदा विचारून खात्री केली. मग दोन्ही टपांतले पत्रे बाहेर काढायला लावले आणि त्यांवरून अंगठा फिरवला. एकाचा अंगठ्याला तांबडा रंग लागला.

"दुसऱ्या खेपेला भट्टीवर दुसरा माणूस ठेवा," प्रधान अण्णांना म्हणाले.

मी नागप्पाची बाजू घेतली असं इथे लिहायला मला आवडलं असतं. मी घेतली नाही. माझी स्वतःची नोकरी वाचली होती आणि मी मीटरच्या तारा गुंडाळत होतो. खूप काळजीपूर्वक गुंडाळत होतो.

नागप्पा डबा घेऊन बाहेर गेला. पलीकडे लोखंडाची भट्टी चालू होती, मागाच्या चाकांचा माल होता. त्याने डबा उघडला आणि सगळे तुकडे एकदम आत उपडे केले. मग डबाही टाकला. परत येऊन प्रधानांसमोर दोन्ही हात उघडून दाखवले.

"आता माज्याकडं टाकाय कायबी न्हाय."

प्रधानांनी वही काढली. दुसऱ्या खेपेच्या पानावर, भट्टीवाला या रकान्यात, त्यांनी विचारून विचारून नागप्पाचं संपूर्ण नाव लिहिलं.

पहिला माल पुन्हा वितळवून उपयोग नव्हता. उतरलेलं लोखंड जस्त परत देत नाही. तो बादल्यांना मुलामा देणाऱ्यांकडे गेला. नवं जस्त आलं. आता मी दोन नमुने घेई, सकाळी एक आणि ओतायच्या क्षणी एक. दुसरा घेताना नागप्पा शेजारी उभा राही आणि बाटलीत औषध पडल्यावर माझ्याआधी वाकून बघे. चौदा दिवस रोज जेवणाच्या सुट्टीत तो टपाजवळ येऊन बसला. काटा हलला नाही. पंधराव्या दिवशी भर दुपारी लॉरी ताडपत्री बांधून उजवीकडे वळली. बँड नव्हता.

तीन वर्षांनी प्रधान साहेबांचं पाकीट आलं. चार ओळींचं पत्र आणि पाणबुड्याने पाण्याखाली काढलेला फोटो. नागप्पा तोवर निवृत्त होऊन वेळापूरला लेकीकडे राहायला गेला होता. मी एस.टी.ने गेलो.

त्याने फोटो लांब धरला, जवळ धरला. "ह्ये काय? कुत्र्यानं फाडल्यागत दिसतंय."

"आपला बोकड."

"आपला कशावरनं? नाव कुटं हाय?"

अण्णांनी प्रत्येक बोकडावर आपल्या वडिलांचं नाव दोन बोटं उंच अक्षरांत ओतून घेतलं होतं.

"ते पहिलं गेलं. जे वर आलेलं असतं ते समुद्र आधी खातो."

नागप्पा हसायला लागला, खोकला येईपर्यंत हसला. "अण्णास्नी दावला फोटू?"

"दाखवला. पुढच्या खेपेला अक्षरं खोल घाला म्हणाले."

हसू ओसरल्यावर त्याने फोटो पुन्हा घेतला. बोकडाच्या मागे गोल, काळसर काहीतरी होतं. त्याने त्यावर नख टेकवलं. "ह्यो पाय?"

"हो."

तो उठून दारात, उजेडात गेला. पायावर चारदोन शिंपले चिकटले होते. बाकी पोलाद स्वच्छ होतं. त्याने पुष्कळ वेळ बघितलं. मग आत हाक मारली, "सुरेखा, हिकडं ये गं. माजं काम बग."

सुरेखा पदराला हात पुशीत आली. तो झिजलेला ओंडका बघून तिने तोंड वाकडं केलं. "बाबा, ह्ये तर पार गेलंय की."

"त्ये न्हवं," नागप्पा म्हणाला, आणि तिचं बोट धरून मागच्या पायावर ठेवलं.